अकूस्टिक गिटार ॲम्प्लिफायर

अकूस्टिक गिटार ॲम्प्लिफायर हे अकूस्टिक गिटारमधून मिळणारा क्षीण विद्युत संकेत वाढवून तो स्पीकरमधून ऐकवणारे उपकरण आहे. विद्युत गिटारच्या ॲम्प्लिफायरचे काम काही अंशी आवाज घडवण्याचे असते. अकूस्टिक गिटारच्या ॲम्प्लिफायरकडून मात्र वाद्याचा मूळ लाकडी नाद शक्य तितका जसाच्या तसा मोठा होऊन मिळावा, अशी अपेक्षा असते. मर्यादित खर्चात असे उपकरण निवडताना सर्वसाधारण ग्राहक प्रथम वॅटचा आकडा पाहतो. प्रत्यक्षात गिटारमधील पिकअपचा प्रकार, वाजवण्याची जागा आणि स्पीकरची कार्यक्षमता या तीन बाबी अधिक निर्णायक ठरतात. प्रस्तुत लेखात या उपकरणाचे कार्य आणि निवडीचे निकष दिले आहेत. जागेनुसार निवड कशी बदलते, हे ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग उपनगरी पट्ट्याच्या उदाहरणाने स्पष्ट केले आहे.

## पार्श्वभूमी

गिटारचा आवाज मुळात खोलीपुरता असतो. व्हायोलिन, सनई किंवा ढोलकी यांच्या साथीत तो सहज झाकला जातो. १९३०च्या दशकात अमेरिकेत गिटारच्या ध्वनिछिद्रात बसवता येणारे चुंबकीय पिकअप बाजारात आले. पुढे ओव्हेशन या अमेरिकन कंपनीने तारांच्या घोडीखाली दाबविद्युत (पिएझो) पिकअप बसवलेल्या अकूस्टिक गिटारी लोकप्रिय केल्या. दाबविद्युत परिणामाचा शोध प्येर आणि झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये लावला होता. विशिष्ट स्फटिकांवर दाब पडला असता त्यांत विद्युतदाब निर्माण होतो, असे त्याचे स्वरूप आहे.

असे पिकअप प्रचलित झाले, तरी त्यांना जोडण्यासाठी बराच काळ विद्युत गिटारचेच ॲम्प्लिफायर वापरले जात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील ट्रेस एलियट या कंपनीने खास अकूस्टिक वाद्यांसाठी ॲम्प्लिफायर काढले. १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे अकूस्टिक गिटारची लोकप्रियता पुन्हा वाढली आणि अनेक उत्पादक या क्षेत्रात उतरले.

भारतात ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांनी हवाईयन पद्धतीच्या गिटारवर हिंदुस्तानी रागसंगीत वाजवून हे वाद्य मैफलीच्या मंचावर आणले. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदांत गोव्यातून आलेल्या वादकांनी गिटारला कायमचे स्थान मिळवून दिले. आज शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, गणेशोत्सवातील कार्यक्रम आणि घरगुती मैफली यांत हे वाद्य नित्याचे झाले आहे.

## कार्यपद्धती

### पिकअप

ॲम्प्लिफायर निवडण्यापूर्वी गिटारमध्ये कोणते पिकअप आहे, हे ठाऊक असणे आवश्यक असते.

* घोडीखालील पिएझो पिकअप: बहुतेक ‘इलेक्ट्रो-अकूस्टिक’ गिटारींत हे असते. वाद्याच्या बाजूस आवाज आणि स्वरपोत यांचे खटके असतात आणि आत बहुधा ९ व्होल्टची बॅटरी असते. याचा आवाज स्पष्ट असला, तरी जोरात वाजवल्यास तो किंचित कोरडा आणि टोकदार वाटतो.
* ध्वनिछिद्रातील चुंबकीय पिकअप: हे केवळ पोलादी तारांवर चालते. नायलॉनच्या तारा असलेल्या शास्त्रीय गिटारवर त्याचा उपयोग होत नाही.
* चिकटवायचे पिकअप: गिटारच्या पृष्ठफळीवर चिकटवतात. हे सर्वांत स्वस्त असून नायलॉनच्या तारांनाही चालते. मात्र जागा थोडी बदलली तरी आवाज बदलतो.
* मायक्रोफोन: वाद्यात पिकअप नसल्यास समोर ठेवतात. नाद सर्वांत नैसर्गिक मिळतो, परंतु आजूबाजूचे आवाजही त्यात शिरतात.

साध्या गिटारमध्ये पिकअप नसेल, तर उपलब्ध रकमेतील काही भाग प्रथम पिकअपसाठी राखून ठेवावा लागतो. महाग ॲम्प्लिफायरला निकृष्ट पिकअप जोडल्यास त्याचे दोषच मोठे होऊन ऐकू येतात.

### संरोध

ज्या पिएझो पिकअपसोबत बॅटरीवर चालणारे पूर्ववर्धक (प्रीॲम्प) नसते, त्याचा विद्युत संरोध फार मोठा असतो. असे पिकअप मायक्रोफोनसाठी असलेल्या कमी संरोधाच्या जोडणीत लावल्यास खर्जाचे स्वर नाहीसे होतात आणि आवाज पत्र्यासारखा पातळ येतो. त्यामुळे ॲम्प्लिफायरच्या गिटार-जोडणीचा संरोध किमान १ मेगाओहम असावा लागतो. गिटारमध्येच बॅटरीवर चालणारे पूर्ववर्धक असेल, तर ही अडचण बरीच कमी होते.

### स्पीकर

सर्वसाधारण सुरावटीत गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंप्रता सुमारे ८२ हर्ट्झ आणि सर्वांत बारीक तारेची सुमारे ३३० हर्ट्झ असते. तथापि गिटारच्या आवाजाची ओळख मूळ स्वरापेक्षा त्यातील उपस्वरांवर अवलंबून असते आणि हे उपस्वर १०,००० हर्ट्झच्या पलीकडेही पोहोचतात. विद्युत गिटारचा स्पीकर साधारणपणे ५,००० हर्ट्झनंतर मंदावतो. म्हणून त्यातून वाजवलेली अकूस्टिक गिटार घोंगडीआडून ऐकल्यासारखी वाटते. अकूस्टिक ॲम्प्लिफायरमध्ये मुख्य स्पीकरच्या जोडीला उच्च स्वरांसाठी छोटा ट्वीटर असतो. अगदी लहान उपकरणांत मुख्य स्पीकरच्या मध्यभागी दुसरा छोटा शंकू बसवून हे काम भागवले जाते.

## वॅट आणि आवाजाची पातळी

वॅटचा आकडा दुप्पट झाला म्हणजे आवाज दुप्पट होतो, हा समज चुकीचा आहे. शक्ती दुप्पट केल्यास ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबेलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबेलची, म्हणजे दहापट शक्तीची वाढ लागते.

स्पीकरची कार्यक्षमता तितकीच महत्त्वाची असते. १ वॅट शक्ती दिली असता १ मीटर अंतरावर किती डेसिबेल आवाज मिळतो, यावरून ती मोजतात. उदाहरणार्थ, ८७ डेसिबेल कार्यक्षमतेचा स्पीकर असलेले ६० वॅटचे उपकरण आणि ९३ डेसिबेल कार्यक्षमतेचा स्पीकर असलेले १५ वॅटचे उपकरण यांची कमाल ध्वनिपातळी सारखीच, म्हणजे १ मीटरवर सुमारे १०५ डेसिबेल येते. केवळ वॅट पाहून पहिले उपकरण घेणाऱ्यास आवाजाच्या दृष्टीने जास्तीचे काहीच मिळत नाही.

अंतराचा परिणामही मोठा असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबेलने घटते. वरील दोन्ही उपकरणांचा आवाज ८ मीटरवर सुमारे ८७ डेसिबेल उरतो. बंद खोलीत भिंतींवरून होणाऱ्या परावर्तनामुळे ही घट कमी होते.

जाहिरातींत ‘पीएमपीओ’ या नावाने दिले जाणारे शेकडो किंवा हजारो वॅटचे आकडे क्षणिक व सैद्धांतिक असतात. तुलनेसाठी ‘आरएमएस’ म्हणून दिलेला सातत्याने मिळणारा वॅटचा आकडाच ग्राह्य धरतात.

## फीडबॅक

स्पीकरमधून आलेला आवाज गिटारच्या पोकळ पेटीला पुन्हा कंपित करतो, ते कंपन पिकअप टिपते आणि तोच आवाज वाढत जाऊन घोंघावू लागतो. यास फीडबॅक म्हणतात. गिटारच्या पेटीतील हवेचे अनुस्पंदन साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असल्याने हा त्रास बहुधा खर्जात सुरू होतो. त्यावरील उपाय पुढीलप्रमाणे आहेत :

* ॲम्प्लिफायर वादकाच्या समोर गिटारकडे तोंड करून न ठेवता बाजूला ठेवणे.
* ध्वनिछिद्रावर रबरी झाकण बसवणे.
* ‘फेज’ बटण वापरून संकेताची दिशा उलटवणे.
* ‘नॉच’ या खटक्याने केवळ घोंघावणारी कंप्रता कमी करणे.

स्वस्त उपकरणांत शेवटच्या दोन सोयी नेहमी आढळत नाहीत. मंचावर वाजवणाऱ्यासाठी त्या प्रतिध्वनी किंवा कोरस यांसारख्या आकर्षक परिणामांहून अधिक उपयोगी ठरतात.

## परवडणाऱ्या उपकरणांचे वर्ग

किमती वारंवार बदलत असल्याने वापराच्या आधारे केलेली वर्गवारी अधिक टिकाऊ ठरते.

घरगुती सरावाची उपकरणे (१० ते २० वॅट). एकच लहान स्पीकर, हेडफोनची जोडणी आणि कमी वजन ही यांची वैशिष्ट्ये आहेत. ६ इंची स्पीकरचे फेंडर अकूस्टासॉनिक १५ हे या वर्गाचे उदाहरण होय.

लहान कार्यक्रमांची उपकरणे (३० ते ६० वॅट). यांत गिटार व मायक्रोफोन यांसाठी दोन स्वतंत्र वाहिन्या असतात. त्यामुळे वादक स्वतःच गाऊ शकतो. साडेसहा इंची स्पीकर व ट्वीटर असलेले ६० वॅटचे फिशमन लाउडबॉक्स मिनी आणि ८ इंची दोन स्पीकरचे ५० वॅटचे मार्शल एएस५०डी ही या वर्गातील परिचित नावे आहेत. भारतीय बाजारात स्ट्रेंजर या नावाची ‘क्यूब’ मालिकेतील उपकरणेही विद्यार्थ्यांत रूढ आहेत.

बॅटरीवर चालणारी उपकरणे. रोलँड एसी-३३ हे एए आकाराच्या आठ बॅटऱ्यांवर चालते; विजेवर त्याची शक्ती ३० वॅट, तर बॅटरीवर २० वॅट असते.

ट्रॉली स्पीकर. कराओकेसाठी घेतलेले चाकांचे स्पीकर अनेक घरांत असतात. त्यांच्या मायक्रोफोन-जोडणीत पिएझो गिटार थेट लावल्यास आवाज पातळ येतो, तर आतील जादा खर्जवाढीमुळे फीडबॅक लवकर सुरू होतो. गिटार आणि स्पीकर यांच्यामध्ये एक छोटे पूर्ववर्धक जोडल्यास आणि खर्ज व प्रतिध्वनी पूर्ण कमी केल्यास हा पर्याय सुरुवातीस पुरेसा होतो. नवा ॲम्प्लिफायर घेण्याइतकी रक्कम जमेपर्यंत तो सर्वांत काटकसरीचा मानता येईल.

## जागेनुसार निवड : बदलापूर परिसर

निवडीत जागेचे महत्त्व किती असते, हे मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांच्या उदाहरणाने समजते. बदलापूर स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवर आहे.

सदनिका. कुळगाव-बदलापूर परिसरातील बहुसंख्य विद्यार्थी एक किंवा दोन खोल्यांच्या शयनव्यवस्थेच्या सदनिकांत राहतात. शेजारची भिंत सामाईक असते. न वाढवलेल्या अकूस्टिक गिटारचा आवाजच जवळून साधारण ७० ते ८० डेसिबेल असतो. अशा घरात १५ वॅटही पूर्ण उघडता येत नाहीत. येथे हेडफोनची जोडणी आणि कमी पातळीवरही स्वच्छ आवाज हे दोन गुण शक्तीपेक्षा मोलाचे ठरतात.

सोसायटीची गच्ची किंवा सभागृह. कोजागिरी, गणेशोत्सव किंवा वर्धापनदिन अशा प्रसंगी पन्नास-साठ श्रोत्यांसमोर गिटार व एक गायक यांच्यासाठी ३० ते ६० वॅटचे दोन वाहिन्यांचे उपकरण पुरते. उपकरण जमिनीवर न ठेवता खुर्चीवर किंवा स्टँडवर कानाच्या पातळीस ठेवल्यास मागील श्रोत्यांपर्यंत शब्द स्पष्ट पोहोचतात.

मोठा खुला मंच. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर (इ.स. १०६०) प्रसिद्ध असून त्याच्या परिसरात कला महोत्सव भरतो. अशा विस्तीर्ण जागी कोणताही घरगुती ॲम्प्लिफायर अपुराच पडतो. तेथे आयोजकांची ध्वनियंत्रणा असते. वादकाच्या उपकरणाचे काम त्याला स्वतःचे वादन ऐकवणे आणि ‘डीआय’ जोडणीतून मुख्य यंत्रणेला संकेत पुरवणे एवढेच असते. म्हणून पुढे मंचावर वाजवण्याचा विचार असलेल्याने जास्त वॅटऐवजी डीआय जोडणी असलेले उपकरण निवडणे श्रेयस्कर ठरते.

प्रवास. या पट्ट्यातील वादकांना वर्ग, सराव व कार्यक्रम यांसाठी लोकलने ये-जा करावी लागते. एका खांद्यावर गिटार असताना दुसऱ्या हातात १६ किलोग्रॅमचे उपकरण घेऊन गर्दीच्या वेळी डब्यात चढणे दुष्कर असते. ५ ते ९ किलोग्रॅम ही वजनाची व्यवहार्य मर्यादा होय.

बाजारपेठ. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेले उल्हासनगर हे व्यापारी शहर आहे. अंबरनाथ-बदलापूरकरांना तेथील बाजार जवळ पडतो. वाद्यांच्या जुन्या दुकानांसाठी मुंबईतील धोबीतलाव परिसर ओळखला जातो. १८६५ मध्ये स्थापन झालेले फर्टाडोज तेथेच आहे. सुटे भाग, पिना व केबल यांसाठी लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) प्रसिद्ध आहे. गिटारच्या केबलला लागणारी ६.३५ मिलिमीटरची पिन बाजारात ‘पी-३८’ या नावाने मागितली जाते.

## ध्वनिविषयक नियम

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल आहे. शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० व ४० डेसिबेल आहे. या नियमांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६ ही वेळ होय. या वेळेत बंदिस्त सभागृहासारख्या जागा वगळता ध्वनिवर्धक वापरता येत नाही. सार्वजनिक जागी ध्वनिवर्धक लावण्यासाठी लेखी परवानगी लागते. खाजगी जागेतील यंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबेलहून अधिक वाढता कामा नये. गच्ची ही बंदिस्त जागा नसल्याने उपकरण लहान असले, तरी हे नियम तेथे लागू होतात.

## विद्युत सुरक्षा

वादकाचे हात सतत धातूच्या तारांना लागलेले असतात आणि गाताना ओठ मायक्रोफोनच्या जाळीला टेकतात. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधील स्वान्सी येथे स्टोन द क्रोज या वृंदाचे गिटारवादक लेस्ली हार्वे यांचा सदोष भूयोजन असलेल्या मायक्रोफोनला स्पर्श झाल्याने मंचावरच मृत्यू झाला. अर्थिंगकडे दुर्लक्ष करण्याचा परिणाम किती गंभीर असू शकतो, हे या घटनेवरून दिसते.

तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकल्यास गुणगुण कधी कधी थांबते. परंतु त्यामुळे वादकाचे संरक्षणही नष्ट होते. गुणगुण कमी करण्याचा योग्य मार्ग म्हणजे सर्व उपकरणे एकाच बोर्डावरून चालवणे व चांगली आच्छादित केबल वापरणे. मांडवातील तात्पुरत्या जोडणीवर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी असल्यास धोका बराच कमी होतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून वाजवणे टाळतात.

परदेशातील नातेवाइकांनी आणलेली उपकरणे कधी कधी केवळ १२० व्होल्टवर चालणारी असतात. भारतातील २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ती थेट लावल्यास निकामी होतात. त्यांना योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याची किंमत व वजन एकूण खर्चात धरावे लागते. वीज खंडित झाल्यावर ‘स्क्वेअर वेव्ह’ इन्व्हर्टरवर ॲम्प्लिफायर चालवल्यास गुणगुण वाढते. अशा वेळी बॅटरीवर चालणारे उपकरण अधिक सोयीचे असते.

## खरेदीपूर्वीची चाचणी

दुकानातील उत्तम गिटारवर कोणतेही उपकरण चांगले वाजते. त्यामुळे चाचणी स्वतःच्या गिटारवर व स्वतःच्या केबलने घेणे इष्ट असते. तिचा सर्वसाधारण क्रम असा :

1. सर्व स्वरपोत-खटके मध्यावर ठेवून प्रतिध्वनी बंद करणे. प्रतिध्वनी उपकरणाचे दोष झाकतो.
2. काहीही न वाजवता आवाज वाढवून सुरसुर व गुणगुण ऐकणे.
3. सहाही तारा एकेक करून छेडणे. एखादाच स्वर अकारण फुगत असल्यास पेटी किंवा स्पीकर सदोष असण्याची शक्यता असते.
4. दुसऱ्यास वाजवायला सांगून ३ ते ४ मीटरवरून ऐकणे.
5. मायक्रोफोन जोडून साधे गद्य बोलणे व शब्दोच्चार स्पष्ट आहेत का ते पाहणे.
6. फीडबॅक सुरू होईपर्यंत आवाज वाढवून मग फेज व नॉच यांचा परिणाम तपासणे.
7. वॉरंटीची पावती आणि दुरुस्ती कोठे होते याची माहिती घेणे.

जुने उपकरण घेताना खटके फिरवल्यावर होणारी खरखर, सैल झालेल्या जोडण्या आणि स्पीकरच्या शंकूवरील चिरा पाहतात. खरखर बहुधा साफसफाईने जाते. फाटलेला शंकू मात्र खर्चाचा ठरतो.

## देखभाल

कोकणपट्टीतील पावसाळी दमटपणामुळे जोडण्या गंजतात आणि कागदी शंकूवर बुरशी येते. उपकरण आठवड्यातून एकदा तरी काही वेळ चालू ठेवणे आणि भिंतीपासून दूर, कापडी आवरणात ठेवणे हितकारक असते. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराचे पाणी बदलापुरातील सखल वस्त्यांत शिरले होते. तळमजल्यावरील घरांत असे उपकरण उंचावर ठेवणे शहाणपणाचे आहे. पाण्यात भिजलेले उपकरण वरून कोरडे दिसले, तरी तंत्रज्ञाने तपासल्याखेरीज विजेला जोडू नये.

बहुतेक इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारींत केबल लावताच आतील पूर्ववर्धक सुरू होते. वादन संपल्यावर केबल काढून ठेवली नाही, तर ९ व्होल्टची बॅटरी न वाजवताही संपते. अचानक क्षीण किंवा फाटका येणारा आवाज पुष्कळदा ॲम्प्लिफायरचा दोष नसून याच बॅटरीचा असतो. म्हणून दुरुस्तीस नेण्यापूर्वी, किंवा नवे उपकरण घेण्याचे ठरवण्यापूर्वी, प्रथम बॅटरी व केबल बदलून पाहतात.

## हेही पहा

* गिटार
* मायक्रोफोन
* दाबविद्युत
* ध्वनिप्रदूषण
* बदलापूर